नकाशामागचं चित्र कसं काढावं: मावशीचे कानमंत्र

पोरी, तुझा आयटीआयचा आरेखक-स्थापत्यचा कोर्स झाला, वसमतला तुझ्या नावाचा बोर्डही लागला. ऑटोकॅडच्या कमांडा तुला माझ्यापेक्षा जास्त येतात, त्या शिकवायला मी बसले नाही. पण तुझा फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा असतो: ‘मावशी, मागचं चित्र निघत नाही गं.’ कधी ते स्कॅन केलेला गाव नकाशा असतं, कधी कुणाचा लोगो, कधी गुगलवरून उचललेलं लोकेशन. क्लिक करावं तर हाती लागत नाही. पुसावं तर फाइल तेवढीच जड राहते. आणि घाईत पुसलं तर दुसरंच काहीतरी गायब होतं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच देते.

आधी आमच्या वेळची पद्धत ऐक, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाटबंधाऱ्याच्या आरेखन शाखेत मी अनुरेखक होते तेव्हा मूळ नकाशा टेबलावर पिनांनी ताणायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि रोट्रिंगच्या पेनानं रेघा ओढायच्या. रेघ चुकली तर ब्लेडच्या कोपऱ्यानं शाई हलकेच खरवडायची. काम संपलं की पिना काढायच्या, मूळ नकाशा अभिलेख कक्षात परत आणि ट्रेसिंग अमोनिया प्रिंटला. मूळ नकाशा ट्रेसिंगबरोबर कधी बाहेर गेला नाही, आणि काम झालं म्हणून कुणी तो फाडलाही नाही. तुझ्या पडद्यावर रेघांच्या मागं दिसतं ते चित्र म्हणजे तोच खालचा नकाशा. रेघा स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या की तो खालून काढायचा आणि जपून ठेवायचा. या दोन्ही गोष्टी केल्यास तर काम पूर्ण झालं म्हण.

आधी ओळख, मग हात लाव

चित्र फाइलमध्ये तीन वाटांनी येतं, आणि ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं नीट बाहेर जातं.

पहिली वाट अटॅचची. ‘इमेजअटॅच’नं आणलेलं चित्र खरं तर डीडब्ल्यूजी फाइलच्या आत नसतंच. आत असतो फक्त त्याचा पत्ता: कोणत्या फोल्डरमधली कोणती जेपीजी, कुठं ठेवायची, केवढी दाखवायची. म्हणूनच पेन ड्राइव्हवर एकटी डीडब्ल्यूजी नेली की प्लॉटरवाल्याच्या मशिनवर चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि फाइलचं नाव दिसतं.

दुसरी वाट पेस्टची. पेंटमधून, वर्डमधून किंवा एक्सेलमधून कॉपी करून कंट्रोल-व्ही केलं की ते ओएलई होऊन आत चिकटतं. हे मात्र फाइलच्या पोटात असतं. डीडब्ल्यूजी जिथं जाईल तिथं तेही जातं आणि फाइलचं वजन वाढवतं.

तिसरी वाट आडवाटेची. चित्र एखाद्या ब्लॉकमध्ये किंवा एक्सरेफ म्हणून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये बसलेलं असतं. दुसऱ्या कार्यालयाकडून आलेल्या टायटल ब्लॉकमधले लोगो बहुधा असेच येतात.

ओळखायचं कसं? चित्र निवडून प्रॉपर्टीज उघड. वर ‘रास्टर इमेज’ लिहिलेलं दिसलं तर पहिली वाट, ‘ओएलई’ दिसलं तर दुसरी, ‘ब्लॉक रेफरन्स’ किंवा ‘एक्स्टर्नल रेफरन्स’ दिसलं तर तिसरी. कुणी पीडीएफ जोडली असेल तर ‘पीडीएफ अंडरले’ दिसेल. ती पहिलीचीच बहीण आहे, तिलाही तेच नियम. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड यांत नावं थोडी इकडंतिकडं होतात, वाटा त्याच राहतात.

हाताला लागत नसेल तर हा क्रम धर

चित्र दिसतंय पण निवडलं जात नाही, तेव्हा माउस आपटण्यात अर्थ नाही. कारणं मोजकी आहेत. मी सांगते त्या क्रमानं तपास.

एक, तू उभी कुठं आहेस ते बघ. चित्र लेआउटच्या कागदावर आणि तू व्ह्यूपोर्टच्या आत मॉडेलमध्ये असलीस, तर ते जन्मात निवडलं जाणार नाही. व्ह्यूपोर्टच्या बाहेर डबल क्लिक कर आणि मग प्रयत्न कर. सगळ्यात जास्त वेळ याच कारणानं जातो.

दोन, लेयरला कुलूप आहे का ते बघ. शहाण्या आरेखकानं गाव नकाशा सरकू नये म्हणून तो लेयर लॉक केलेला असतो. लॉक लेयरवरची वस्तू फिकट दिसते आणि कर्सर जवळ नेला की छोटं कुलूप येतं. कुलूप काढ, पण ते कुणी आणि का लावलं होतं, याचा क्षणभर विचार करूनच.

तीन, चौकट बघ. चित्र मधोमध क्लिक करून सापडत नाही, त्याची कड धरावी लागते. कड दिसणं ‘इमेजफ्रेम’वर ठरतं. ० असेल तर कड दिसत नाही आणि जुन्या आवृत्त्यांत चित्र निवडताही येत नाही. १ असेल तर कड दिसते आणि छापलीही जाते. २ असेल तर पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही. तुझ्या मशिनवर २ ठेव. मंजुरीच्या नकाशावर लोगोभोवती नको असलेली काळी चौकट उमटते ती १ मुळं. नव्या आवृत्त्यांत ‘फ्रेमसिलेक्शन’ १ असलं तर लपलेली कडही पकडता येते.

चार, खिडकी कशी ओढतेस ते बघ. डावीकडून उजवीकडं ओढलेली निळी खिडकी पूर्ण आत आलेलंच धरते, उजवीकडून डावीकडं ओढलेली हिरवी नुसतं शिवलेलंही धरते. गाव नकाशा मोठा असतो. निळ्या खिडकीत त्याची चारही टोकं आली नाहीत, तर तो हाती लागणार नाही. हिरवीनं धरायला गेलीस तर तुझ्या अर्ध्या रेघाही त्याच्याबरोबर येतील.

पाच, वर काही पडलंय का ते बघ. चित्रावर हॅच असेल, वाइपआउटचा पांढरा तुकडा असेल, तर क्लिक त्याला लागतो. सिलेक्शन सायकलिंग चालू कर म्हणजे एकावर एक असलेल्या वस्तूंची यादी येईल, तीतून निवड.

एवढं करूनही सापडलं नाही तर ‘क्यूसिलेक्ट’ उघड आणि ऑब्जेक्ट टाइपची यादी बघ. तू ज्या जागेत आहेस तिथं असलेल्याच प्रकारांची नावं त्या यादीत येतात. ‘रास्टर इमेज’ किंवा ‘ओएलई’ यादीत असेल तर तिथूनच सगळी चित्रं एका झटक्यात निवडली जातात, रेघांना धक्काही लागत नाही. यादीत नसेल तर समजून जा: चित्र ब्लॉकच्या नाहीतर एक्सरेफच्या आत आहे. ब्लॉक असेल तर ब्लॉक एडिटरमध्ये शिरून काढ. एक्सरेफ असेल तर ती मूळ ड्रॉइंग उघडून तिथं काढ. दुसऱ्याची फाइल असेल तर त्याला विचारून.

आणि हो, चित्र निवडलं जातं पण डिलीटचं बटण दाबून काहीच होत नाही, असं दिसलं तर ‘पिकफर्स्ट’ बघ. ते ० असतं तेव्हा आधी निवडून मग कमांड देणं चालत नाही. १ कर.

पुसण्याआधी रेघा तपास

खरी अक्कल इथं लागते. आपल्याकडं सगळ्यात जास्त मागं टाकलं जातं ते चित्र म्हणजे गाव नकाशा. १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे १ इंचाला ६६० फूट, म्हणजेच १:७९२० या प्रमाणातला जुना नकाशा घे. त्यावरची अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ ४ मीटर रुंद होते. आता टिपणावर बांधाची लांबी ५ साखळ्या ८ आणे लिहिली आहे असं धर. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. म्हणजे साडेपाच साखळ्या, १८१.५ फूट, ५५.३२ मीटर. तोच बांध गाव नकाशावर जेमतेम ७ मिलिमीटरचा दिसतो. त्या ७ मिलिमीटरवर माउस फिरवून ओढलेल्या रेघेत तू शाईच्या रेघेच्या जाडीएवढी जरी इकडंतिकडं झालीस, तरी शेजाऱ्याच्या हळदीचे दोन-तीन सरे तुझ्या अशिलाच्या नावावर गेले म्हण.

म्हणून चित्र काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, लांबी. टिपणातल्या किमान तीन बाजू ‘डिस्ट’नं मोज. ५५.३२ च्या जागी ५३ किंवा ५७ येत असेल तर ती रेघ अजून चित्राच्या आधारानंच उभी आहे. टिपणाच्या मापानं ती नव्यानं ओढ.

दुसरी, दोन्ही दिशा. जुना कागद ओलसर खोलीत एका बाजूनं जास्त ताणतो, आणि स्कॅनरचा रोलरही कागद थोडा ओढतो. ‘अलाइन’ करून दोन बिंदूंवर चित्र बसवलंस तर त्या एका रेषेत ते बरोबर येतं, आडव्या दिशेला नसेलही. एक माप पूर्व-पश्चिम घे, एक दक्षिण-उत्तर.

तिसरी, क्षेत्र. बंद पॉलिलाइनचं क्षेत्र काढ आणि सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून बघ. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात म्हणून गफलत होते. ४० गुंठ्यांच्या एकरात हा फरक ४७ चौरस मीटरपर्यंत जातो. तेवढ्यात एक खोली बसते.

हद्दीचा वाद असेल तर तुझ्या नकाशानं निवाडा होत नाही, हे अशिलाला आधीच सांग. मोजणी भूमि अभिलेखचीच. तू मांडणी करतेस.

कडेचं लिखाण उतरवून घे

चित्र काढायचं ठरलं की त्याच्या चारही कडा मोठ्या करून वाच. प्रमाण, शीट क्रमांक, गावाचं नाव, उत्तरेची खूण, शिक्का, साल. हे सगळं एका वेगळ्या लेयरवर टाइप करून ठेव आणि तो लेयर ‘नो प्लॉट’ कर.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्यामुळं औंढ्याच्या, सेनगावच्या जुन्या नकाशांवर जिल्हा म्हणून परभणीचाच शिक्का असतो. त्याहून जुना, निजामाच्या काळातला कागद आला तर त्यावर उर्दूत लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घे, पण ‘कळत नाही’ म्हणून क्लिप करून टाकू नकोस. एकत्रीकरण योजनेत जिथं गट पडले, तिथं जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर असा फरक दिसतो. चित्र गेल्यावर तुझ्या रेघेवर लिहिलेला ४७ हा सर्व्हे नंबर होता की गट नंबर, हे कुणालाच सांगता येत नाही. मग दोन वर्षांनी वाटणीच्या वेळी भाऊ-भाऊ तुझ्याच दारात उभे राहतात.

आधी अनलोड, मग डिटॅच

नुसतं चित्र निवडून ‘इरेज’ केलंस तर पडद्यावरची ती एक प्रत जाते. त्याची नोंद फाइलमध्ये राहतेच. ‘एक्सआर’ टाइप करून एक्स्टर्नल रेफरन्सेसची यादी उघड. तिथं त्या चित्रासमोर ‘अनरेफरन्स्ड’ लिहिलेलं दिसेल. ही नोंद ‘पर्ज’नं जात नाही. नावावर राइट क्लिक करून ‘डिटॅच’ करावं लागतं.

पण डिटॅचला एकदम हात घालू नकोस. त्याच यादीत ‘अनलोड’ आहे. त्यानं चित्र दिसेनासं होतं, चौकट आणि जागा राहते, आणि ‘रीलोड’ केलं की जसंच्या तसं परत येतं. अनलोड करून नकाशा प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये बघ. ओढा अर्धवट राहिलाय का? शिवेची रेघ मधेच तुटलीय का? पायवाट तू ओढलीच नव्हतीस आणि आजवर चित्रातली बघत होतीस, असं निघतंय का? हे सगळं अनलोड केल्यावरच उघडं पडतं. मन भरलं की मग डिटॅच.

डिटॅचची एक खोड लक्षात ठेव. ते त्या नावाच्या चित्राच्या सगळ्या प्रती एकदम काढतं. तुझ्या फर्मचा लोगो सहा लेआउटवर असेल आणि एका लेआउटवरचा नको म्हणून तू डिटॅच केलंस, तर सहाही शीटवरून तो जाईल. एकच प्रत नको असेल तर ‘इरेज’, चित्रच नको असेल तर ‘डिटॅच’.

आणि या सगळ्याआधी फाइल नव्या नावानं सेव्ह कर, नावात तारीख घाल. बॅक फाइलच्या भरवशावर राहू नकोस. तिच्यात फक्त एका सेव्हच्या मागचं असतं.

पोटात गेलेलं काढताना

ओएलई चित्र एक्स्टर्नल रेफरन्सेसच्या यादीत येत नाही. त्याला डिटॅच नाही, ‘इरेज’ केलं की ते गेलं. तरी सेव्ह केल्यावर फाइल लगेच हलकी होईलच असं नाही. ‘आयसेव्हपर्सेंट’ नावाची एक सोय घाईत सेव्ह व्हावं म्हणून फाइलमध्ये थोडी वाया गेलेली जागा तशीच राहू देते. मूळची किंमत ५० असते. ती ० करून एकदा सेव्ह कर, मग वजन बघ.

चित्र दिसत नाही पण फाइल जडच आहे, असं असेल तर ‘ओएलईहाइड’ बघ. ते ० नसेल तर चिकटवलेल्या वस्तू लपलेल्या असू शकतात. ० केलं की सगळ्या समोर येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वसमतच्या एखाद्या हळदवाल्याच्या शेडचा नकाशा तू काढतेस. हळद शिजवायचा कुकर, वाळवणीचा ओटा, पॉलिशचा ड्रम, गोदाम. क्षेत्रफळाचा तक्ता एक्सेलमधून कॉपी करून नकाशावर चिकटवतेस. दिसतात त्या दहा ओळी, पण आत शिरतं ते अख्खं वर्कबुक. दुसऱ्या शीटवर तू त्याच अशिलाचा दरपत्रकाचा अंदाज ठेवला असशील, तिसऱ्यावर आधीच्या अशिलाचा. डीडब्ल्यूजी ज्याच्या हाती जाईल त्यानं त्या तक्त्यावर डबल क्लिक केलं की सगळं उघडतं. म्हणून तक्ता ऑटोकॅडच्या टेबलमध्येच कर, नाहीतर नुसते आकडे टाइप कर. चिकटवलेला असेल तर बाहेर द्यायच्या फाइलमधून काढ.

क्लिप केलं म्हणजे काढलं नव्हे

अशील व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच फोटोत सातबारा, आधार आणि प्लॉटचा नकाशा पाठवतो. तू त्यातला नकाशा तेवढा ठेवतेस, बाकी ‘इमेजक्लिप’नं झाकतेस. झाकलेलं तिथंच असतं. क्लिपची कड मागं ओढली की आधारचा नंबर पुन्हा पडद्यावर. दाखवायचं नाही ते चित्रातूनच कापून टाक: पेंटमध्ये उघड, हवा तेवढाच तुकडा नव्या नावानं सेव्ह कर आणि तोच अटॅच कर. लोकांची कागदपत्रं त्यांनी विश्वासानं दिलेली असतात.

आणतानाच हलकं आण

काढायचा त्रास अर्धा कमी होतो तो आणतानाच. ए-शून्य आकाराचा कागद, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला तर सुमारे १४ कोटी ठिपके होतात आणि न दाबलेली फाइल ४०० एमबीच्या पुढं जाते. तोच कागद शुद्ध काळा-पांढरा स्कॅन केला तर १७-१८ एमबीत बसतो. शाईच्या रेघांच्या नकाशाला रंगीत स्कॅन कशाला? रंगीत शाईनं हद्द आणि पाणी वेगवेगळं दाखवलं असेल तेव्हाच रंगीत कर.

चित्र नेहमी अटॅच कर, पेस्ट करू नकोस. ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ‘मूळ’ नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेव आणि पत्ता रिलेटिव्ह ठेव. लेयरही त्याच नावाचा, लॉक केलेला, नो प्लॉट. नकाशा फार गडद दिसत असेल तर ‘इमेजअ‍ॅडजस्ट’मधून फेड वाढव. तुझ्या रेघा ठळक दिसतील आणि कुठली तुझी, कुठली चित्रातली, हा घोळ होणार नाही. आता लांबच्या लांब कामाचं बघ. दुधाळ्याजवळ लायगो वेधशाळेच्या प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा व्हायच्या आहेत. त्यातली एक भुजा १:७९२० च्या नकाशावर अर्धा मीटर लांब येईल, म्हणजे एका शीटमध्ये मावणं कठीण. अशा लांबीच्या कामात, मग तो कालवा असो की रस्ता, चार-सहा शीट जोडावी लागतात. प्रत्येक शीटला शीट क्रमांकाचंच नाव दे. ‘स्कॅन१’, ‘स्कॅन२’ अशी नावं दिलीस, तर डिटॅच करताना यादीत कोणतं कोणतं ते कळणार नाही आणि चुकीचं निघेल.

बाहेर देण्याआधीची परीक्षा

सगळं झालं की ‘मूळ’ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदल आणि बाहेर द्यायची डीडब्ल्यूजी उघड. ‘फाइल सापडली नाही’ असं काही आलं नाही, एक्स्टर्नल रेफरन्सेसच्या यादीत तुझ्या ड्रॉइंगचं एकटं नाव दिसलं आणि क्यूसिलेक्टमध्ये मॉडेल आणि प्रत्येक लेआउटवर इमेज नाही की ओएलई नाही, तर फाइल स्वच्छ. फोल्डरचं नाव पूर्ववत कर.

नगर परिषदेत पाठवायची प्रत वेगळी, चित्रासकटची कामाची प्रत वेगळी, दोन्ही एकाच जागी ठेव आणि वरती एका ओळीत लिही: कोणता नकाशा, कुणाकडून आला, कोणत्या तारखेला स्कॅन केला. कुणीही येऊन ‘ही रेघ कशावरून काढली?’ विचारलं तर तोंडी सांगत बसू नकोस. कामाची प्रत उघड, चित्र रीलोड कर आणि दाखव.